गाडीचं गळकं छप्पर

आमच्याकडे पूर्वी नवरदेवाला घोडा लागायचा, आता उघडी गाडी लागते. म्हणून मी पुण्याहून एक जुनी, लाल, दोन दारांची परदेशी गाडी आणली. बटण दाबलं की तिचं कापडी छप्पर आपोआप उठायचं आणि घडी होऊन मागं डिकीत जाऊन बसायचं. मांजरसुंब्याच्या चौकात ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा ढाब्यावरची माणसं हातातली भाकर घेऊन बाहेर आलती. माझा धंदा ट्रॉलीचे आणि वाळूच्या टिप्परचे जॅक दुरुस्त करायचा. तेलाच्या दाबावर जे काही वर-खाली होतं ते आपल्याला कळतं, असा माझा तोरा होता.

मग एका वरातीत समोरच्या काचेवरच्या पट्टीतून तेल टपकलं ते थेट नवरदेवाच्या फेट्यावर. "तेलवण ऱ्हायलती वाटतं," करवली म्हणाली आणि सगळी वरात हसली. माझा एक दोस्त वर आणखी म्हणाला, "घोडा परवडला बे, घोडा गळत तरी न्हाई." त्याला तिथंच दोन शिव्या हासडल्या, छप्पर लावलं आणि गाडी घरी आणली. त्यानंतर ते उघडेचना. पंप नुसता घुर्र करायचा. तेल सगळं अस्तरात मुरलेलं.

वरात गेली चुलीत. खरी अडचण आबांची होती.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. बंद गाडीत बसलं की त्यांना घाम फुटतो, जीव गुदमरतो, उलट्या सुरू होतात. कुठंही जायचं तर टेम्पोच्या हौद्यात उभं राहून, तोंडावर वारं घेत. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि हौद्यात चढणं संपलं. मोटारसायकलवर पाय वाकेना. म्हणजे त्यांना नेईल अशी आमच्या घरात ही एकच गाडी होती, तीही छप्पर उघडलं तर.

आणि तिकडं गेवराईच्या पुढं, तलवाड्याला, त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. आत्याचा निरोप आला, "भाऊबीजेला तेवढा ये. फुडची भाऊबीज काय मला दिसत न्हाई." आबांनी घरच्या लोकरीचं घोंगडं तिच्यासाठी विणून आणलं, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि सकाळ-संध्याकाळ शेडमध्ये येऊन उभे राहायला लागले.

"कावून उघडत न्हाई रं?"

"सील गेलंय, आबा."

"मग?"

"मग काय, बसवतो की."

सील म्हणजे रबराची एक बारकी कडी. आपल्या ट्रॉलीच्या जॅकमध्ये घालतो ती मनगटाएवढी, ही करंगळीत बसेल एवढी. बीडमध्ये मिळाली नाही. मी लेथवर एक कातून घेतली, बसवली, तेल भरलं, बटण दाबलं. छप्पर वीतभर उठलं आणि माझ्याच डोक्यावर तेलाची धार. आबा बाजूला उभे होते, हसले नाहीत. एकदा काचा खाली करून त्यांना तसंच बंद गाडीतून न्यायला निघालो, तर पाली गावाच्या पुढं जाता आलं नाही. रस्त्याच्या कडेला त्यांची पाठ चोळत उभा राहिलो आणि गाडी परत फिरवली.

त्याच संध्याकाळी आबा म्हणाले, "हातानं ढकलून बघू का?"

मी खेकसलो त्यांच्यावर. जॅकच्या धंद्यात पहिली शिकवण हीच: तेल गेलेल्या जॅकखाली हात घालायचा नाही. व्हॉल्व्ह सोडला की वजन धाडकन खाली येतं. टिप्परखाली बोटं गेलेली माणसं मी पाहिलीत, एकाला दवाखान्यात मीच नेलंय. "मेंढराच्या वाड्याचं फाटक न्हाई ते, ढकललं की उघडायला," मी म्हणालो. "तुमी तिकडं बसा." आबा लिंबाखालच्या बाजेवर जाऊन बसले.

पुण्याच्या एका सीलवाल्याला माप पाठवलं. तो म्हणाला, बनवून देतो, वेळ लागेल. भाऊबीज आली आणि गेली. आत्याने फोनवरूनच ओवाळलं म्हणे. पार्सलची वाट बघत असतानाच एका पहाटे तलवाड्याहून फोन आला, आत्या गेली.

मातीला मी एकटा गेलो. आबांना मी आणि टेम्पोवाल्यानं धरून हौद्यात चढवायचा प्रयत्न केला, पण गुडघा धरून ते तिथंच खाली बसले. "जा तू," म्हणाले, "मी हितूनच हात जोडतो." ते बसलेले मला अजून दिसतात. कामात असलो तरी दिसतात.

पुढं पार्सल आलं आणि सीलवाल्याचा फोनही आला, माप बसलं का विचारायला. मी म्हणालो, आता काही घाई नाही, जिच्याकडे जायचं होतं तीच राहिली नाही. तो म्हणाला, "अहो, मग तेव्हा हाताने उघडून जायचं ना. डिकीत पंपावर एक स्क्रू असतो, तो सैल करायचा. दोन माणसं उचलतात छप्पर. कापडच आहे ते."

मी डिकी उघडली. स्क्रू होता. सैल केला आणि एका बाजूने छप्पर उचललं, तर ते मुकाट्यानं वर आलं. वजन असं काही नव्हतंच. आबा काठी टेकत आले, दुसऱ्या बाजूला हात लावला आणि आम्ही दोघांनी ते मागं टाकून दिलं.

"लई हलकं हाय की," आबा म्हणाले. "मी म्हनलतो, हातानं ढकलू," असं आता ते म्हणतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. ते गाडीत बसले. "चल. उद्या दहावा हाय तिचा."

सबंध रस्ता त्यांना काही त्रास झाला नाही. गेवराई मागं पडली तेव्हा डोळे मिटून वारं घेत बसले होते.

तलवाड्याला आत्याची सून पाणी घेऊन पुढं आली. गाडीकडं बघत म्हणाली, "मामा, सासूबाई रोज इचारायच्या, छप्पर उघडलं का त्या गाडीचं. म्हनायच्या, उघडलं की येतोच तो."

मला तिथं उभं राहवेना. आबांनी तांब्या तोंडाला लावला, पाणी प्याले, तोंड पुसलं.

"लई नाजूक काम व्हतं, पोरी," ते म्हणाले. "त्याच्या हातात व्हतं तेवढं समदं केलं त्यानं."

मी घोंगडं काढायला गाडीकडं गेलो.