लेकीच्या पुस्तकावर पाळत

थोरली लेक धुळ्याला एम.ए. करते. डिसेंबरात सुट्टीला जळगावला आली, तेव्हा तिच्या उशाशी एक पुस्तक होतं आणि त्याला वर्तमानपत्राचं कव्हर. शाळा सुटल्यावर पुस्तकाला कव्हर कोण घालतं? मला तिथेच वास आला. ती आंघोळीला गेली तसं मी कव्हर उचकटून पाहिलं. आत ‘अराज्यवादाची ओळख’, म्हणजे सरकारच नको म्हणणाऱ्यांचं पुस्तक.

माझी सरकारी नोकरी. पोरगी भलत्या भानगडीत पडली तर साहेब मला विचारणार, ही पहिली भीती. तिची काळजी दुसरी. क्रम असाच होता, खोटं कशाला सांगू. रविवारी तिला धुळ्याच्या अभ्यासगटात याच पुस्तकावर बोलायचं होतं. मी ते उचललं आणि माळ्यावर पापडाच्या डब्यात टाकलं. पुस्तक नाही तर भाषण नाही.

पण मलाच राहवेना. दोन दुपारी, बायकोची चाहूल घेत, शिडीवर उभ्यानेच वाचलं. आधी बॉम्ब शोधला. तो एका प्रकरणात होता, आणि त्यावरून अराज्यवाद्यांतच भांडण. एक पंथ म्हणतो कारखाने कामगारांच्या संघटनांनी चालवावेत; दुसरा म्हणतो गावाने सगळं सामाईक ठेवावं; तिसऱ्याला तर माणसाच्या डोक्यावर संघटनाही नको. एकमत एवढ्यावरच, की हुकूम करणाऱ्याने आधी कारण द्यावं. इतकं साधं निघाल्यावर माझा संशय वाढलाच.

लेक घर उलथंपालथं करत होती. तिच्याबरोबर मीही पलंगाखाली वाकून शोधत होतो.

शनिवारी मेहुण्याच्या शेतात भरीत पार्टी. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, कुणी मिरच्या निवडतंय, कुणी कळण्याच्या पुऱ्या तळतंय. मी जावई, तेव्हा उभ्या उभ्या ऑर्डरी सोडत होतो. मेहुणा म्हणाला, "भाऊ, आठे कोनी साहेब नही शे. बसा गुमान."

मला चेव आला. "बरोबर, इथे कुणीच साहेब नाही. याला परस्पर साहाय्य म्हणतात. सांगणारा नसला तरी माणसं कामं वाटून घेतात. पण संघटनावाल्या पंथाला एवढं पुरत नाही."

लेकीचा वांगी सोलणारा हात थांबला. "पप्पा, हे कुठे वाचलं?"

"ऑफिसात बोलत होते."

"कितव्या प्रकरणापर्यंत बोलले?"

"म्हणून शिडी दोन दिवस बाहेर होती होय," बायको म्हणाली.

सगळे हसले. लेक नाही.

"का घेतलं, ते समजलं," ती हळूच म्हणाली. "माझ्याबरोबर शोधत का होतात, ते सांगा."

याचं कारण मला देता आलं नाही. अजूनही येत नाही.

रविवारी पापडाच्या हिंगाचा वास मारणारं पुस्तक घेऊन ती धुळ्याला गेली. बोललीही म्हणे, बरं बोलली. ते मला तिच्या आईकडून कळलं.

परवा पुन्हा घरी आली, तर बॅगेला आकड्यांचं कुलूप. ती शेजारी गेली होती. मी तिची जन्मतारीख लावून पाहिली. उघडलं नाही.