पडदा सोड गे

माझं कामच काचेचं आहे. काचेत जे घडतं त्याचं कारण सांगता आलंच पाहिजे, असं मानणारा मी माणूस. या पानावर लोक लिहितात ते अनुभव मी वाचायचो ते फक्त मराठीच्या सरावासाठी... आम्ही तंजावूरचे मराठी. घरात मराठी, शाळा तमिळ. देवनागरी मला हॉस्टेलमधल्या सोलापूरच्या रूममेटने शिकवली. चुका सांभाळून घ्या.

अप्पा राजवाड्याजवळ शिवणकाम करायचे, अम्मा घरी अप्पळम, म्हणजे पापड, लाटून विकायची. त्यांच्या कष्टांवर मी घरातला पहिला इंजिनियर झालो. कोइंबतूरला नोकरी करतो. आमच्या कंपनीच्या खिडक्यांची काच बटण दाबलं की हळूहळू निळी-काळी होते. ऊन बाहेर राहतं, एसीची वीज वाचते.

अम्मा गेली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी घरच्या पश्चिमेच्या खिडकीला तशी एक काच बसवली. ट्रायलमधून उरलेली, कंपनीतल्या सरांनी दिली — त्यांचे उपकार. अम्माचा जुना पडदा काढून टाकला.

काही दिवसांनी फोनवर विचारलं, "अप्पा, दुपारी बटण दाबता ना?"

"मी कशाला दाबू? तुझी अम्मा सोडते की पडदा."

मी हादरलो. एकटेपणाने असं होतं म्हणतात. त्यांना कोइंबतूरला आणायचंच ठरवून सुट्टी काढली.

पोचलो त्या दुपारी जेवून अप्पा खिडकीखालच्या बाकावर आडवे झाले. ऊन थेट तोंडावर. डोळे मिटूनच म्हणाले, "पडदा सोड गे." आमच्यात 'गं' नाही, 'गे' म्हणतात. अम्माला ते रोज असंच सांगायचे.

आणि काच काळी व्हायला लागली.

मी बटण पाहिलं. बंद होतं. या काचेला माइक नाही, सेन्सर नाही, फक्त ते बटण. "लूज कनेक्शन असेल," मी म्हटलं.

"कनेक्शन आहे खरं," अप्पा म्हणाले, "पण लूज नाही."

"उद्या वायरच काढतो. मग काच काळी झाली नाही, तर माझ्याबरोबर यायचं."

"आणि झाली तर?"

"तर परत कधी चला म्हणणार नाही."

"सरी," ते म्हणाले. ठीक आहे, या अर्थाने.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वायर काढली. काळी असलेली काच विजेशिवाय हळूहळू साफ होते. साफ काच काळी होऊच शकत नाही. हे मी पैजेवर सांगू शकत होतो. जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून अप्पांशेजारी बसलो.

"पडदा सोड गे."

काही नाही.

"सोड गे..."

ऊन तसंच. अप्पांचा चेहरा एवढासा झाला. मी जिंकलो होतो, पण मला त्यांच्याकडे बघवेना. "बॅग भरू, अप्पा?"

ते उठून बसले, माझ्याकडे बघितलं आणि एकदम हसले. "अरे वेड्या, तू वाचतोयस ना! तू वाचत असताना तिने कधी पडदा सोडलाय? 'पोराला उजेड पाहिजे, तुम्ही तोंड फिरवा' म्हणायची मला."

खरं होतं. माझा सगळा अभ्यास त्याच खिडकीत झाला — अप्पा तोंडावर टॉवेल टाकून झोपायचे.

"मिट तो डबा."

मी लॅपटॉप मिटला.

आमची काच नेहमी चारी कडांकडून मध्ये काळी होत जाते. त्या दुपारी ती डावीकडून उजवीकडे झाली... कुणी हाताने ओढत न्यावं तशी. वायर माझ्या मांडीवर होती. अप्पा घोरायला लागले होते.

मी एकटाच परत आलो. नंतर काचेची तपासणी केली, अनुभवी सहकाऱ्यांना विचारलं. कुणाकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

वायर अजून जोडलेली नाही. घरी गेलो की दुपारी मी एखादं पुस्तक उघडून खिडकीत बसतो, वाचायचं नसलं तरी. अप्पा टॉवेलखालून कुरकुरतात, "पुरे की रे, झोपू दे!"

मी आणखी एक पान उलटतो. उजेड तसाच राहतो.