झिंगीचे खरे वजन

माझ्या तत्त्वांमुळे आजवर एकाच जिवाला धोका निर्माण झाला आहे, आणि तो जीव आमच्या मांजरीचा होता.

मांजरीचं नाव झिंगी. शेलूबाजारजवळच्या आमच्या घरात तुरीच्या पोत्यांची राखण करणं हे तिचं काम. ते ती चोख करायची. पण या उन्हाळ्यात तिच्या अंगावर पिसवा झाल्या आणि त्या घरभर पसरल्या. आईच्या पायांवर लाल फोड उठले. तिने खाजवत खाजवत निकाल दिला.

"उंदीर ते खाते, पन मले पिसवा खाऊन राह्यल्या! रविवारपर्यंत साफ नाई झाली, त जीपीत टाकून मंगरूळपीरले सोडून येजो तिले."

"आई, हे विस्थापन आहे!" मी गरजले.

"व्हय. तुले बी जाचं असंल त सांग, जीपीत जागा राह्यते."

मी धावत गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मानेवर टाकायच्या थेंबांच्या दोन नळ्या दाखवल्या. चार किलोपर्यंतच्या मांजरीला छोटी, चारच्या वर मोठी. "पण वजन करून सांगा, अंदाजे नको. लहान जिवाला मोठी नळी गेली तर लाळ सुटते, अंग थरथरतं, वेळप्रसंगी मरतंही."

आता आमच्याकडे वजन करायला काटा होता. भाजी मोजायचा, आढ्याला टांगलेला, खाली हूक असलेला. फक्त झिंगी हुकाला लटकायला तयार नव्हती (मी विचारून पाहिलं, तिने माझ्या मनगटावर उत्तर लिहून दिलं). शेवटी बाबांनी तिला तुरीच्या रिकाम्या पोत्यात घातलं, तोंड बांधलं आणि पोतं हुकाला अडकवलं. पोतं आतून शिव्या देत गरगर फिरू लागलं.

"साडेचार," बाबा म्हणाले. "आता पोत्याचं कापा."

कापा! हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं.

त्याचं कारण सांगायला हवं. बाजारात माल मोजला की व्यापारी पोत्याचं, मातीचं, ओलीचं नाव सांगून वजनातून काही किलो कापतो. त्याला म्हणतात कडता. रिकामं पोतं भरतं किलोभर, कडता कापतात दोन-तीन किलो! त्याविरुद्ध मी स्वतः पत्रक लिहिलं होतं, 'जेवढे भरले तेवढे मोजा!', आणि गेल्याच आठवड्यात बाजाराच्या दारात उभी राहून वाटलं होतं. आणि आता माझ्याच घरात, माझ्याच मांजरीवर कडता?

"एक ग्रॅम कापू देणार नाही!" मी म्हणाले.

"अवो बाई, पोतं का मांजर हाय?"

"व्यापारीही असाच बोलतो, बाबा! आधी पोतं, मग माती, मग ओल!"

"ओल त हायच," बाबा पोत्याखाली पाहत म्हणाले. "मुतली ते."

मी हटले नाही. वहीत लिहिलं, साडेचार किलो, आणि खाली रेघ ओढली. दवाखान्यात जाऊन ताठ मानेने मोठी नळी आणली. येऊन नळीचं टोक कापलं आणि बाबांना म्हटलं, "धरा तिला."

बाबांनी हात मागे बांधले. "मी नाई धरत. आधी डाक्टरले फोन लाव. मले त झिंगी साडेचारची वाटत नाई, आन तुयं त्वांड पाहून त अजूनच वाटत नाई."

केवळ त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी फोन लावला. मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणजे माझा विजय आईलाही ऐकू जावा.

"वजन उघड्यावर केलं की पोत्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोत्यात."

"मग पोतं वजा केलं ना?"

"नाही. तत्त्व म्हणून."

डॉक्टर ओरडले, "अहो, ते औषध पोत्याला लावायचं आहे का? नळी खाली ठेवा! मांजर घेऊन आत्ता इकडे या!"

माझ्या हातातली नळी झिंगीच्या मानेपासून वीतभर लांब होती. त्या वीतभर अंतराकडे पाहून मी नळी मुकाट्याने खाली ठेवली, हे मी इथे लेखी कबूल करते.

झिंगीला घेऊन बाबा आणि मी धावलो. दवाखान्याशेजारी गुरांना घालायच्या ढेपेचं दुकान आहे. तिथे माणूस उभा राहील एवढा मोठा काटा. डॉक्टर म्हणाले, "मांजर घेऊन काट्यावर उभ्या राहा. मग एकट्या." ढेप घ्यायला आठ-दहा शेतकरी आलेले. त्यातल्या निम्म्यांच्या खिशात माझं पत्रक गेलेलं!

मी झिंगीला छातीशी धरून चढले. दुकानदाराने सगळ्या शेलूबाजाराला ऐकू जाईल असा आकडा पुकारला, "पंचावन्न सहाशे!" मग झिंगी बाबांकडे, मी एकटी. "बावन्न!"

"मंग ताई?" मागून एक काका म्हणाले. "तुमीच सांगा, कापाचं का नाई कापाचं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. झिंगीही.

"कापा," मी म्हणाले.

झिंगी भरली तीन किलो सहाशे. छोटी नळी! डॉक्टरांनी स्वतः मानेवर थेंब टाकले (माझ्या हातात द्यायला ते तयारच नव्हते). रविवारपर्यंत पिसवा गळाल्या. आईने जीप रद्द केली आणि कुणी पाहत नाही असं समजून झिंगीला दूध घातलं.

कडत्याविरुद्धचं माझं मत आजही तसूभर बदललेलं नाही. पत्रक मागे घेतलेलं नाही, घेणारही नाही. व्यापाऱ्यांना मी आजही तोंडावर लुटारू म्हणते. अडचण एवढीच, की ते हसतात. कारण तीन किलो सहाशे ग्रॅम मालामागे बावन्न किलो कडता त्यांच्यातल्या कुणीही आजवर कापलेला नाही. तो मी स्वतः, स्वखुशीने, उभी राहून दिला!