उल्कानं उभी केलेली चौकी

उल्का देवस्थळी खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाचण्या घ्यायची. ते पोटासाठी. जीव अडकला होता तो व्हिडिओ गेममध्ये, वेगवान गाड्यांमध्ये आणि नव्या शस्त्रांमध्ये. कोथरूडच्या घरातल्या मागच्या खोलीत माइक लावून ती या तिन्हींवर बोलायची आणि हजारो लोक ऐकायचे, कारण ती कुणाचीच भीड ठेवत नसे. "जो गेम तुम्हाला हरू देत नाही, तो खेळू नका." "गाडीत किती घोड्यांची ताकद आहे, हे मिरवणाऱ्याला आधी ब्रेक दाबून दाखवायला सांगा." आणि शस्त्रांचा विषय निघाला की तिचं एकच पालुपद: यापुढची युद्धं स्वस्त ड्रोनच्या झुंडी जिंकणार, महागड्या तोफा नुसत्या आभाळाकडे बघत बसणार.

तिचे वडील अनंतराव शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. "आमच्याकडे सेनापती जेवायला घरीच असतात. फक्त ताट उचलायला सांगावं लागतं," एवढंच म्हणायचे.

थोरला भाऊ सलिल मात्र तिचं बोलणं हसण्यावारी नेत नसे. तो सैन्यात मेजर होता, ड्रोन आणि विमानं पाडणाऱ्या तोफांवरच नेमलेला. सुट्टीवर आला की बहीणभावाची ताटावरच जुंपायची.

"झुंड आली तर किती पाडशील, दादा?"

"जमतील तितके."

"आणि उरलेले?"

सलिल भात कालवायला लागायचा. त्याची बायको ऋचा म्हणायची, "पुरे आता. दुसरं काहीतरी बोला."

त्या वर्षी मार्चमध्ये उल्कानं आपला मुद्दा पटवून द्यायला एका लष्करी गेममध्ये डोंगरावर एक चौकी उभी केली. वाळूच्या गोण्या, दोन तोफा, बरॅक, पाण्याची टाकी. त्यावर ड्रोनची झुंड सोडली आणि त्याचा व्हिडिओ टाकला. तो तिच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त चालला. सलिलनं पाहिला की नाही, तिनं विचारलं नाही.

मे महिन्यात सीमेवरचं वातावरण तापलं. सलिलचा फोन लागेनासा झाला. फोन बंद ठेवण्याचे हुकूम असतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ऋचा मोबाइल उशाखाली घेऊन झोपायची.

अशातच एका दुपारी उल्का ऑफिसात असताना ऋचाचा फोन आला. आवाज इतका सपाट की उल्का खुर्चीवरून उठलीच.

"सलिलच्या भागातली चौकी उडवलीय. व्हिडिओ फिरतोय सगळीकडे. भागाचं नावसुद्धा दिलंय. तुला यातलं कळतं ना? बघ आणि मला खरं काय ते सांग."

"वहिनी, मी निघाले. घरी येते."

ती धावतच पार्किंगमध्ये गेली. तिची गाडी म्हणजे तिचा अभिमान: इंजिनापासून टायरपर्यंत सगळं स्वतः निवडून बदलून घेतलेलं. मोकळ्या रस्त्यावर पापणी लवेपर्यंत शंभरी गाठणारी ती गाडी त्या दिवशी नगर रस्त्यावर एका टेम्पोच्या मागे मुंगीसारखी सरकत होती. मोबाइल सारखा थरथरत होता. कुणीतरी तोच व्हिडिओ पाठवत होतं, "ताई, हे खरं आहे का?" विचारत होतं. उघडायचा धीर होत नव्हता. येरवड्याच्या सिग्नलला गाडी पार थांबली, तेव्हा तिनं तो उघडला.

अंधारा डोंगर. आभाळात लाल रेघा. एक स्फोट, मग दुसरा. मग उजव्या कोपऱ्यात ज्वाळांच्या उजेडात टाकी दिसली. उतारावर नीट न बसलेली, एका बाजूनं चक्क हवेत तरंगणारी पाण्याची टाकी.

ती टाकी तिनंच ठेवली होती. नीट बसेना म्हणून शेवटी कंटाळून तशीच सोडून दिलेली.

कुणीतरी तिचा व्हिडिओ कापून, तिचं नाव पुसून, तिचा आवाज काढून, चित्र धुरकट करून नेटवर सोडून दिला होता. मागून हॉर्नचा गिल्ला सुरू झाला. सिग्नल कधीच सुटला होता. तिनं गाडी कडेला घेतली आणि ऋचाला फोन लावला.

"वहिनी, ते खोटं आहे. गेममधलं आहे."

"कशावरून?"

"उजवीकडची टाकी बघ. हवेत आहे."

ऋचा म्हणाली, "मी तो व्हिडिओ वीसेक वेळा पाहिला असेल. मला टाकी दिसलीच नाही. तुला बरी एका नजरेत दिसली?"

"घरी येऊन सांगते," म्हणून उल्कानं फोन ठेवला.

तिथून कर्वे रस्त्यापर्यंत तिच्या डोक्यात एकच घोळ चालला होता. गेममधलं आहे, एवढंच सांगितलं तर? कुणी केलं, हे कशाला सांगायचं? भाऊ जिवंत असेल या आशेनं छाती हलकी व्हायची आणि पुढच्याच क्षणी व्हिडिओतला आपला आवाज आठवायचा.

घरात सोसायटीतली माणसं जमली होती. ऋचा सोफ्याच्या कडेवर ताठ बसलेली. तळमजल्यावरचे शरच्चंद्र काका मोबाइल नाचवत होते. "गेम कसला? स्फोटांचे आवाज ऐका ना! बातम्यांतही दाखवतायत. अहो, उगाच खोटा धीर देऊ नये माणसाला!"

अनंतराव खिडकीपाशी उभे होते. वळून म्हणाले, "उल्का, आज तुझ्या मताची खरंच गरज आहे." त्यांच्या आवाजात टोमण्याचा मागमूस नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

नुसतं सांगून कुणी ऐकणार नव्हतं. मूळ व्हिडिओ लावावा लागणार होता, आणि तोही आवाजासकट. तिनं लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

तोच डोंगर, तेच स्फोट. आणि त्यावर उल्काचा खणखणीत आवाज: "आली बघा आपली पाखरं! तोफवाले बिचारे कुठे कुठे बघणार? हा गेला... हाही गेला... आणि ही बरॅक, खल्लास!" मग तिचं मनमुराद हसणं.

शरच्चंद्र काकांनी मोबाइल खिशात टाकला. एकेक जण निघून गेला.

ऋचा पडद्याकडेच बघत होती. "त्या बरॅकमध्ये माणसं ठेवली होतीस?"

"हो."

"किती वाचली?"

"कुणीच नाही, वहिनी."

ऋचानं लॅपटॉप हलकेच मिटला. "म्हणजे सलिलचं काय, हे अजूनही आपल्याला माहीत नाहीच," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

उल्कानं त्याच संध्याकाळी मूळ व्हिडिओ आणि फिरणारा तुकडा शेजारी शेजारी लावून, स्वतःचा चेहरा दाखवून सांगितलं: हे माझं आहे, हे खोटं आहे, पुढे पाठवू नका. थोड्यांनी ऐकलं. बाकीच्यांतले निम्मे तिला देशद्रोही म्हणाले, निम्मे म्हणाले की बाई प्रसिद्धीसाठी हे करतेय. तुकडा फिरतच राहिला. तिसऱ्या दिवशी तर तो नव्या गावाच्या नावानं तिच्याकडेच परत आला. कुण्या दुसऱ्या घरात दुसरी कुणी ऋचा तो बघत असणार, हे मनात येऊन तिला जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सलिलचा फोन आला. अर्धं मिनिटच. "ठीक आहे मी. झोपायचंय फक्त." ऋचा भिंतीला टेकून खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. उल्का दारातच उभी राहिली. जवळ जायचा तिला धीर झाला नाही.

जुलैत सलिल सुट्टीवर आला. वाळलेला, आवाज झाला की मान वळवणारा. उल्कानं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी पाहिला होता तो, मार्चमध्येच. माझ्या तुकडीतल्या पोरांनीच दाखवला. झुंडीबद्दल तुझं बरोबर होतं. तश्शीच आली."

"आणि हसणं?"

"तेवढा भाग त्यांनी आवाज बंद करून पाहिला," सलिल म्हणाला.

उल्का अजून बोलते. गेमवर बोलते, गाड्यांवर बोलते, ड्रोनवरही बोलते आणि मतं पूर्वीइतकीच धारदार असतात. चौकीचा व्हिडिओ मात्र तिनं काढून टाकला. ऋचा तिच्याशी गणपतीपर्यंत कामापुरतंच बोलत होती. गौरी जेवायच्या दिवशी तिनं पुरणाचा डबा उल्काच्या हातात दिला आणि म्हणाली, "शरच्चंद्र काकांकडे देऊन ये. आणि लवकर ये, पानं वाढायचीत."