हिरव्या चिठ्ठीचं पथ्य

"साखर निम्मी घातली आणि यीस्ट निम्मं. एवढंच. विष नाही घातलं मी."

"मग झालं तर," नवरा म्हणाला. "आता गप बस."

"गप कशी बसू? त्या पोरीचा सगळा अभ्यास त्यावर उभा आहे. शुक्रवारी छापायला धाडणार आहे ती."

"तुला कुणी विचारलं का? नाही ना? मग आपणहून कशाला मान पुढे करायची?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तीस वर्षं त्यानं विचारल्याशिवाय तोंड उघडलं नव्हतं, आणि त्यावरच आपली नोकरी टिकली असं त्याचं ठाम मत होतं. बायकोची नोकरी दर वर्षाच्या कराराच्या कागदावर चालायची, आणि नवा कागद पुढच्याच महिन्यात व्हायचा होता. तेवढं बोलून तो कूस बदलून घोरायला लागला. तिला मात्र झोप लागली नाही.

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. तिच्याहून चार वर्षांनी थोरले असलेले सरसुद्धा मावशीच म्हणत. काम काय, तर माश्यांचा स्वयंपाक. पिकल्या फळावर घोंगावतात त्या तिळाएवढ्या माश्या. शेजारणी विचारायच्या, दिवसभर तिथं बसून माश्या मारतेस काय गं? मावशी सांगायची, मारत नाही बाई, जगवते. मारायला शिकलेली माणसं वेगळी आहेत.

माश्याच का, तर माशीच्या अंगातली कितीतरी जनुकं माणसाच्या जनुकांशी जुळतात, आणि माशी दोन-अडीच महिन्यांत जन्मून, पोरंबाळं करून, म्हातारी होऊन मरते. एक अख्खा जन्म बघायला आपल्याला म्हातारं व्हावं लागत नाही. हे मावशीला सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तिला ते पटलं होतं. साखर मोजूनच का घालायची, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवर प्लास्टिकमध्ये घातलेला मापांचा कागद होता, तेवढाच.

तळघरातल्या तिच्या खोलीत चाळीस लिटरचं पातेलं होतं आणि वल्ह्याएवढा डाव. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, घट्ट व्हायला अगर, सगळं शिजवून जरा निवलं की बुरशी न धरण्याचं औषध. मग बोटभर उंचीच्या काचेच्या नळ्यांत ते ओतायचं, गार करायचं, कापसाचं बूच मारायचं. दिवसाला दोन हजार नळ्या. गुठळी झाली तर चार जणांच्या शिव्या.

तिथंच तीन वर्षांपासून डॉक्टरेट करणारी एक पोरगी होती. नाकावरून सारखा घसरणारा चष्मा, म्हणून मावशी तिला चश्मेवाली म्हणायची. तिनं माशीतलं एक जनुक बंद केलं होतं आणि तशा माश्या किती जगतात ते ती मोजत होती. साध्या माश्यांच्या नळ्यांना पांढरी चिठ्ठी, जनुक बंद केलेल्यांना हिरवी. दर तिसऱ्या दिवशी माश्या ताज्या नळीत घालायच्या, मेलेल्या मोजायच्या. मावशीचा हात हलका, म्हणून माश्या बदलायचं कामही चश्मेवालीनं तिलाच शिकवलं होतं.

नळी टेबलावर टकटक आपटली की माश्या तळाला पडतात आणि लगेच वर चढायला लागतात. पांढऱ्या चिठ्ठीवाल्या भराभर चढायच्या. हिरव्यावाल्या तळालाच रेंगाळायच्या, चिकट अन्नात पाय रुतवून बसायच्या. मावशीनं अंथरुणाला खिळलेली सासू सहा वर्षं सांभाळली होती. जड खाऊन आजारी माणसाचं काय होतं हे ती चादरी धुऊन धुऊन शिकली होती. नवी शेगडी आली त्या आठवड्यात तिनं हिरव्या चिठ्ठीच्या नळ्यांसाठी छोटं पातेलं वेगळं लावलं. साखर निम्मी, यीस्ट निम्मं. कुणाला विचारलं नाही. सासूच्या वेळी तरी कुणाला विचारलं होतं?

आणि माश्या जगल्या की. पांढऱ्यावाल्या साठ दिवसांत आटोपायच्या, हिरव्यावाल्या ऐंशीपर्यंत तगायला लागल्या. मावशीला वाटलं, पथ्य लागू पडलं. चश्मेवालीला वाटलं, जनुक सापडलं. आठ महिने दोघी एकाच टेबलाशी बसून खूश होत्या.

नवऱ्याशी रात्री ते बोलणं झालं, त्याच दिवशी दुपारी चश्मेवाली भाषणाची तालीम करायला मावशीसमोरच उभी राहिली. समोरचं माणूस अडाणी असलं की बोलणं सोपं करावं लागतं, असं ती तोंडावरच म्हणाली. मावशीनं राग धरला नाही. पोरीनं आलेखावरच्या दोन रेघा दाखवल्या, पांढरी लवकर खाली येणारी, हिरवी रेंगाळत उतरणारी. मग म्हणाली, खोली तीच, ऊब तीच, अन्न तेच, फरक फक्त एका जनुकाचा.

अन्न तेच म्हटल्यावर मावशीला आपलं छोटं पातेलं आठवलं.

ते ओझं तिनं रात्रभर घरात वागवलं. सकाळी नवऱ्याचा डबा भरला, कामावर गेली आणि पातेलं न चढवता थेट चश्मेवालीच्या टेबलाशी जाऊन सगळं सांगून टाकलं. पोरगी आधी हसली. थट्टा वाटली तिला. मग चष्मा काढून हातात धरला.

"कधीपासून?"

"नवी शेगडी आली तेव्हापासून."

ती बोटांवर महिने मोजत राहिली. मग म्हणाली, "मावशी, निम्मं खायला दिलं की माशी जास्त जगते, हे आमच्या जुन्या पुस्तकांत आहे. त्यासाठी कुणी मला डॉक्टर म्हणणार नाही."

"मला काय माहीत? आमच्याकडे कमी खाऊन माणसं मरतात."

पोरीनं चष्मा परत चढवला. उठून सरांकडे गेली.

सरांनी दोघींना खुर्च्या दिल्या आणि जुन्या वह्या मागवल्या. शेगडी यायच्या आधी चश्मेवालीनं एक फेरा केला होता. त्यात हिरव्या माश्या जेमतेम चार दिवस जास्त जगल्या होत्या, म्हणून काहीतरी बिघडलं असेल असं समजून तिनं तो बाजूला टाकला होता. सरांनी ते पान वर काढलं आणि म्हणाले, तू खराब म्हणून टाकलास तो फेरा खरा होता, आवडला तो खोटा. पोरगी मान खाली घालून बसली. मग सर मावशीकडे वळले. कुठली माशी कुठल्या नळीत हे रांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचंच नसतं, ही चूक आमची, असं ते म्हणाले. तरीपण लेखी ताकीद द्यावीच लागली. मावशीनं सही केली. घरी नवऱ्यानं विचारलं, मिळालं बक्षीस? ती म्हणाली, मिळालं, कागद चांगला जाड होता. पुढच्या महिन्यात नोकरीचा नवा कागद झाला, पण वर्षाचा नव्हे, सहा महिन्यांचा.

लेख गेला नाही. चश्मेवालीची परगावची नोकरी ठरत आली होती, तिथं तिनं कळवलं की सहा-सात महिने उशीर होईल. बघू, असं उत्तर आलं. तीन आठवडे ती मावशीशी बोलली नाही. तळघरात यायची, नळ्यांचे ट्रे उचलायची, निघून जायची. मावशीनंही उगाच गोड बोलून तिला अडवलं नाही. पोरीचं आठ महिन्यांचं आयुष्य तिनं आमटीत मीठ घालावं तशा सहजपणे बिघडवलं होतं, आणि सॉरीनं त्यातला एक दिवस परत येणार नव्हता.

चौथ्या आठवड्यात पोरगी रिकाम्या नळ्या घेऊन आली. चिठ्ठ्या सगळ्या पांढऱ्या, वर नुसते आकडे. दोन पातेली करायची होती, एक पुऱ्या मापाचं, एक निम्म्या. दोन्ही अन्नांच्या नळ्यांत दोन्ही तऱ्हेच्या माश्या जाणार होत्या. कुठल्या आकड्याला कुठली माशी ते सरांच्या कपाटात बंद.

"यातली दुबळी कुठली ते हुडकायचं नाही," ती म्हणाली.

"टकटक केली की दिसणारच. डोळे कुठं काढून ठेवू?"

"म्हणून टकटक आता मी करणार."

मावशीला ते लागलं. माश्या बदलायचं ते एकच काम तिला मनापासून आवडायचं. तिनं कापसाचा गठ्ठा पोरीकडे सरकवला.

"कर. पण हळू आपट. तुझा हात जड आहे."

"कशी आपटू, दाखवा."

मावशीनं रिकामी नळी उचलली, दोन बोटांत धरली आणि टेबलावर तीनदा टेकवली. पोरीनं तसं करून पाहिलं. पहिल्यांदा जोरात झालं. दुसऱ्यांदा बरं झालं.

"असंच," मावशी म्हणाली. तिनं साखरेचं माप काट्यावर ठेवलं, काटा थांबेपर्यंत वाट पाहिली, भिंतीवरचा आकडा बोट ठेवून वाचला आणि पातेल्यात साखर ओतली. पीठ तळाला धरू लागलं होतं. डाव घेऊन ती ढवळायला लागली.