चढती रेष आणि बंद केलेल्या गोळ्या

आमच्या मुलीने पीसीओडीच्या गोळ्या कंटाळा करून सोडल्या, असं आमच्या नातेवाइकांत सर्रास सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे. गोळ्या मी बंद करायला लावल्या.

मी कुवेत सिटीत एका कंपनीचे हिशेब पाहतो. वय झालं तरी कंपनी सोडत नाही. मुलगी-जावई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. डॉक्टरच्या गोळ्यांनी तिची पाळी नियमित झाली होती. मूल कधी, एवढाच प्रश्न राहिला होता, आणि तो तिच्यापेक्षा मलाच जास्त छळत होता.

संध्याकाळी दस्मानजवळ समुद्राकाठी आम्ही काही म्हातारे चालतो. त्यांतल्या एकाने मला मोबाइलवर लेख पाठवला. विषय होता, पीसीओडीवरच्या चिनी औषधांचं संशोधन कुठे चाललं आहे. त्यात दरवर्षी निघालेल्या शोधनिबंधांचा आलेख होता. रेष वर वर गेलेली. चढती रेष दिसली की आम्हा हिशेबवाल्यांना आनंद होतो, डोकं चालत नाही. एवढी माणसं मागे लागली आहेत म्हणजे औषध लागू पडत असणार, असं मी धरून चाललो. बऱ्याचशा चाचण्या लहान आहेत, पक्कं काही सांगता येत नाही, हे लेखाच्या शेवटी लिहिलं होतं. तिथवर मी पोचलोच नाही.

शुवैख बंदराजवळच्या एका गोदामवाल्याकडून त्या चिनी औषधाच्या पुड्या आणवल्या. वर सगळी चिनी अक्षरं. आत काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. चालायला गेलो की मित्र ओरडायचे, "या हकीमसाहेब!" आणि मी खुशाल हसायचो.

"गोळ्या थांबव," तो आलेख दाखवत मी मुलीला म्हणालो. "दोन्ही औषधं पोटात भांडतील." हा शोध माझा स्वतःचा.

"बाबा, हा ग्राफ पेपर किती छापले त्याचा आहे. बायका किती बऱ्या झाल्या त्याचा नाही."

"आता तू मला ग्राफ शिकवणार?"

"ओके, बाबा."

इथेच वाढलेली मुलगी. वाद घालून थकली की ओके म्हणते. मला तो होकार वाटला. वाटला कसला, मला तो तसाच हवा होता.

काही महिने पाळी आलीच नाही. मग आली ती थांबेना. न्हाणीघरात ती कोसळली, रक्त चढवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या? मुलगी म्हणाली, "मीच विसरत गेले." मी पलंगाशेजारी उभा होतो, आणि तोंड उघडलं नाही.

पुढे विहीणबाई मुंबईहून आल्या. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हल्लीच्या मुलींना पिझ्झा आठवतो, गोळी तेवढी आठवत नाही!" जावईसुद्धा हसला. मुलगी ताटाकडे बघत राहिली. माझं डोकं फिरलं.

"विहीणबाई, तिला नावं ठेवू नका. गोळ्या मी बंद केल्या. तो चिनी पाला मी आणला."

त्यांचे डोळे भरून आले. "बाप असावा तर असा. लेकीवरचा बोल स्वतःवर घेतला हो!" आमची सौभाग्यवती, जिने त्या पुड्या स्वतः उकळल्या होत्या, तीही मान डोलावू लागली. कारण खरं मानलं असतं तर तिलाही उत्तर द्यावं लागलं असतं.

"मी खरं सांगतोय!" मी ओरडलो.

"लीव्ह इट, बाबा," मुलगी म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

तेव्हापासून नात्यात माझ्या मायेचे गोडवे गातात आणि तिला निष्काळजी म्हणतात. ते प्रत्येक कौतुक मला थोबाडीत मारल्यासारखं लागतं. बोललेलं कुणी ऐकत नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे. माझी मुलगी काहीही विसरली नव्हती. तिला आलेख बरोबर वाचता येत होता, आणि मी तिला गप्प केलं.