तलवार अजून हवेतच आहे

एंगेलमार सत्तरीला टेकला तेव्हा त्याच्यापाशी गजाने वाजवायची एक फिडल, चार दात आणि एकच गाणं होतं. गाणं दैत्याशी झालेल्या लढाईचं. कडव्याला तेरा ओळी, आणि कडवी दोनशे. एक तरुण सरदार रानात शिरतो, ताडामाडाएवढ्या दैत्याशी भिडतो आणि शेवटी त्याला आडवा करतो. आमच्या खोऱ्यात हे सगळ्यांना पाठ होतं. तरी लोक गर्दी करत, कारण दैत्य कुठला, हे एंगेलमार गाव बघून ठरवी. वरच्या मोसाख गावात गाताना दैत्य खालच्या मोसाखच्या कड्यात राही. खाली गाताना वरच्या. दैत्य शेजारच्या गावचाच असतो, याबद्दल दोन्ही गावांचं एकमत होतं.

हिवाळ्याच्या तोंडावर, सेंट मार्टिनच्या सणाला एंगेलमार वरच्या मोसाखला, डिमुट नावाच्या विधवेच्या खानावळीत गाई. लोक खूश झाले तर वसंतापर्यंत भट्टीमागचा उबदार बाक त्याचा. नाही झाले तर खिंड ओलांडून दुसरीकडे आसरा शोधायचा. त्या वर्षी खिंडीत कमरेएवढं बर्फ होतं.

दुपारी सणाचं, भाजलेल्या हंसाचं जेवण उरकलं आणि त्याने फिडल लावली. आठवडाभर तो खालच्या गावी गात होता. जीभ त्याच वळणाने गेली. पहिल्याच कडव्यात दैत्य वरच्या मोसाखच्या कड्यातून बाहेर पडला.

हातातले पेले खाली आले.

“कुठला म्हणालात, बाबा?” पेर्टोल्ड लोहाराने विचारलं.

एंगेलमारला चूक कळली. पण गायलेली ओळ मागे घ्यायची नाही आणि सुरू केलेलं गाणं अर्धं टाकून उठायचं नाही, असे त्याच्या गुरूचे दोन नियम होते.

“इथलाच,” तो म्हणाला.

“आमचा? आणि त्याला मारणार कोण, तो बाहेरचा पोरगा?”

“अजून कुठं मारलंय? एकशे नव्याण्णव कडवी बाकी आहेत.”

“बाहेर बर्फ बघितलंत ना?” डिमुट म्हणाली. “बेतानं गा.”

एंगेलमार बेताने गाऊ लागला. एरवी दैत्याच्या अंगाला घाण यायची. आज तो ओढ्यावर आंघोळ करून निघाला.

“त्याची कुऱ्हाड घडवली कुणी?” पेर्टोल्डने मध्येच हटकलं.

“तुझ्या पणजोबाने. दुसऱ्या कुणाची छाती होती?”

लोहार सरसावून बसला.

“आणि जेवायचा कुठं?” डिमुटने विचारलं.

“इथंच. आंबवलेल्या कोबीची दोन पिंपं संपवली आणि तिसरं मागितलं.”

“बघा! चव कळायची त्याला.”

शंभराव्या कडव्यापर्यंत दैत्य गावचा जावई असल्यासारखा झाला होता. पण गाणं पुढे सरकत होतंच. एकशे सत्तराव्या कडव्यात दैत्य गुडघ्यावर आला, सरदाराने तलवार उगारली आणि रिवाजाप्रमाणे एंगेलमार थांबला. इथे गाणाऱ्याला वाईन द्यायची. पेला येईपर्यंत तलवार खाली येत नाही. दरवर्षी तीन-चार पेले एकदम पुढे यायचे.

त्या दिवशी कुणी हललं नाही.

“वाईन,” एंगेलमार म्हणाला.

“नाही मिळणार,” पेर्टोल्ड म्हणाला. “राहू दे तलवार वरच.”

“अरे, वाईनशिवाय पुढे गाता येत नाही मला.”

“म्हणून तर.”

डिमुटने विचारलं, “गाणं अर्धं ठेवून तुम्हाला जाता येतं का?”

“नाही. गुरूचा नियम आहे.”

“मग बसा की. मी काय तुमचा नियम मोडू?” तिने भट्टीमागच्या बाकावर मेंढीचं कातडं टाकलं.

एंगेलमार हिवाळाभर बसला. बिअर मिळत होती, ताक मिळत होतं, वाईन तेवढी नाही. ईस्टरला खिंड मोकळी झाली. डिमुटने बाक झाडला, पेलाभर वाईन आणून त्याच्यासमोर ठेवली.

“घ्या. आता संपवा आणि सुटा.”

एंगेलमारने खिंडीकडे पाहिलं, मग पेल्याकडे.

“घसा बसलाय,” तो म्हणाला. “मार्टिनच्या सणाला बघू.”

पेला पेर्टोल्डने रिकामा केला. एंगेलमार त्या बाकावर आणखी सहा हिवाळे राहिला. वाईनला त्याने पुन्हा कधी हात लावला नाही.